बरोबर आणि बराबर

शाळेचे निसर्ग मंडळ आमच्याकडे आले ते आमच्या लायकीमुळे नव्हे. विज्ञानाचे सर निवृत्त झाले. नवे कोणी येईपर्यंत मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली आमच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “तुम्हाला फोटोंचा नाद आहे ना? मग मुलांना किडे-फुलपाखरे दाखवा.” आम्ही पडलो उर्दू आणि मराठी शिकवणारे. आम्हाला किड्यांची माहिती होती ती एवढीच, की गव्हात होतात तो किडा वेगळा आणि पुस्तकात होतो तो वेगळा. पण नाद होता हे खरे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या आमच्या भाच्याने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना आम्हाला दिला होता. त्याच्याबरोबर पन्नास मिलिमीटरची एक लेन्स, एक फ्लॅश आणि लेन्सच्या मागे लावायच्या तीन पोकळ नळ्या मिळाल्या होत्या. त्या नळ्यांना एक्स्टेंशन ट्यूब म्हणतात. त्यांच्यात काच नसते, नुसती हवा असते. पण त्या लावल्या की साधी लेन्स अगदी जवळचे पाहू लागते आणि मोहरीच्या दाण्याएवढी वस्तू पडदाभर दिसते.

शाळेच्या मागे लिंबाचे झाड आहे. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे एक फुलपाखरू एकेक अंडे घालून जाते. इंग्रजीत त्याला लाइम बटरफ्लाय म्हणतात. अंड्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. तपकिरी, मधे पांढरा पट्टा, कोणाला खावीशी वाटू नये अशी. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम पानासारखी हिरवी होते. मग कोष करते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांनी त्यातून फुलपाखरू बाहेर येते. आम्ही ठरवले, याचे रोज फोटो काढायचे, एका तक्त्यावर ओळीने लावायचे आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायचे. फोटो आम्ही काढायचे, नोंदी आठवीतल्या एका मुलीने ठेवायच्या. तिचे अक्षर मोत्यासारखे आणि नजर त्याहून स्वच्छ.

कोषाच्या आठव्या दिवशी तिने वहीत लिहिले, ‘कोष काळपट झाला. आत काहीतरी पिवळे दिसते.’ आम्ही संध्याकाळी फोटो पाहिला. फोटोत कोष काळपट तर नव्हताच, उलट नेहमीपेक्षा फिकट, पाण्यात धुऊन काढल्यासारखा होता. आम्ही लाल पेनाने तिच्या ओळीवर रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘फोटोशी जुळत नाही.’ दुसरा दिवस रविवार. सोमवारी पाहिले तर कोष रिकामा.

प्रदर्शनात एक निवृत्त प्राध्यापिका परीक्षक होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारले, “चौथ्या दिवशी कोष गडद आणि आठव्या दिवशी फिकट? तुमच्याकडे कोष उलटे रंगतात का?” मुलगी म्हणाली, “नाही मॅडम, आठव्या दिवशी तो काळपट होता. मी लिहिलं होतं.” आणि तिने वही उघडून दाखवली. वहीत आमची लाल रेघ होती. बाईंनी रेघेकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोषाचे कवच पारदर्शक होऊ लागते आणि आतल्या पंखांचा काळा-पिवळा रंग बाहेर दिसतो. मुलीने डोळ्यांनी पाहिले ते खरे होते. चौथ्या दिवशी मात्र कोषाचा रंग मुळीच बदललेला नव्हता. आमच्या फोटोंनी न घडलेला बदल दाखवला आणि घडलेला बदल लपवला. आम्ही मास्तर असून मुलीपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवला.

घरी येऊन भाच्याला फोन लावला. सगळे ऐकून तो म्हणाला, “मामू, फ्लॅश ऑटोवर होता ना? मग तो प्रत्येक फोटो बरोबरच काढणार.”

“अरे, बरोबर कुठे? एक काळा, एक पांढरा!”

“एकेक पाहा. प्रत्येक बरोबर आहे. शेजारी शेजारी लावलेत म्हणून चुकीचे दिसतात.”

त्या रात्री आमच्या डोक्यात एक शब्द घोळत राहिला. फारसीतला ‘बराबर’ मराठीत आला आणि ‘बरोबर’ झाला. मराठीत आपण तो योग्य, अचूक या अर्थाने वापरतो. उर्दूत बराबर म्हणजे समान, एकाच पातळीवरचे. दोन्ही भाषा शिकवताना मुलांची इथे नेहमी गडबड होते. उर्दूतले ‘दोनों बराबर हैं’ मराठीत आणताना ती ‘दोघे बरोबर आहेत’ असे लिहितात आणि आम्ही गुण कापतो. आता तीच गडबड आमच्या फोटोंनी केली होती. ऑटो फ्लॅश प्रत्येक फोटो आपल्यापुरता बरोबर करायला जातो, म्हणून ते एकमेकांशी बराबर राहत नाहीत. एखादाच फोटो हवा असेल तर बरोबर पुरते. पण कालची वस्तू आजच्या वस्तूशी ताडून पाहायची असेल, तर बराबर लागते.

हे घडते कसे, ते नीट समजून घेऊ. ऑटो फ्लॅश, ज्याला टीटीएल म्हणतात, तो खऱ्या झोताच्या आधी क्षणभर एक बारीक झोत टाकतो. त्याचा जो प्रकाश वस्तूवरून परतून लेन्समधून आत येतो, तो कॅमेरा मोजतो. आता कॅमेऱ्याला समोर कोष आहे की कढई, हे कळत नाही. त्याची समजूत एवढीच, की जगातल्या सगळ्या वस्तू सरासरीने मध्यम करड्या असतात. परतलेला उजेड जास्त वाटला तर तो फ्लॅश कमी करतो, कमी वाटला तर वाढवतो. चौथ्या दिवशी पार्श्वभूमी स्वच्छ दिसावी म्हणून आम्ही कोषामागे पांढरा कागद धरला होता. कागदावरून भरपूर उजेड परतला, कॅमेऱ्याने फ्लॅश आवरता घेतला आणि बिचारा कोष गडद आला. आठव्या दिवशी कागद नव्हता, मागे संध्याकाळचा अंधार होता आणि कोष स्वतःही काळा पडलेला. उजेड परतला थोडा, कॅमेऱ्याने फ्लॅश वाढवला आणि काळा कोष धुतल्यासारखा फिकट झाला. यंत्राने आपले काम चोख केले. आम्हीच त्याला चुकीचे काम दिले होते.

जवळच्या फोटोत हा घोळ अधिक होतो, कारण तिथे पार्श्वभूमी सहज काळीकुट्ट होते. फ्लॅश वस्तूपासून दहा सेंटिमीटरवर आणि मागची भिंत एक मीटरवर असेल, तर भिंतीपर्यंत उजेड जवळजवळ पोचतच नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो आणि तिप्पट झाले की नववा, हा नियम शाळेत आपण सगळे शिकलो आहोत. दहा पट अंतरावर शंभरावा हिस्सा उरतो. एवढा काळोख चौकटीत असला की कॅमेरा घाबरून फ्लॅश वाढवतो आणि पुढची वस्तू जाळून टाकतो.

याच नियमाने आमची दुसरी चूकही पकडून दिली. सावली मऊ पडावी म्हणून आम्ही फ्लॅश तारेने कॅमेऱ्यापासून सोडवला होता आणि मंडळातला एक मुलगा तो हातात धरून उभा राहायचा. मुलगा गुणी, पण हात तो हातच. भाचा लग्नात दोन मीटरवरून फ्लॅश मारतो. तो चार सेंटिमीटर मागे सरकला तर उजेडात शेकडा चारचाच फरक पडतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. आमचा फ्लॅश दहा सेंटिमीटरवर. तो चौदावर गेला की उजेड थेट निम्मा! फोटोच्या भाषेत हा एक पूर्ण स्टॉप झाला. मुलाने नाक खाजवले तरी आमच्या तक्त्यावर एक दिवस अंधारायचा.

भाच्याने सांगितलेला इलाज एका वाक्याचा होता. “मामू, कॅमेऱ्याला विचारू नका, कॅमेऱ्याला सांगा.” म्हणजे सगळे मॅन्युअलवर, हाताने ठरवायचे आणि एकदा ठरवले की पुढे कशालाही हात लावायचा नाही. पुढचा पावसाळा येईपर्यंत आम्ही आणि मंडळातली मुले एका मोसंबीवर तालीम करत होतो. ती मोसंबी शेवटी सुकून लाकूड झाली, पण पद्धत हाती लागली.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्यातले तीन आकडे बांधून टाकले. आयएसओ 200, छिद्र एफ 11 आणि शटर सेकंदाचा 160 वा भाग. शटर याहून फार वेगवान ठेवता येत नाही. फ्लॅश चमकण्याच्या क्षणी शटर पूर्ण उघडे असावे लागते आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्याची मर्यादा सेकंदाच्या 160 ते 250 व्या भागाच्या आसपास असते. छिद्र आणखी लहान केले तर जास्त खोलीपर्यंत स्पष्ट दिसेल, असा मोह होतो. तो आवरावा. नळ्या लावल्यावर छिद्र मुळातच जास्त लहान असल्यासारखे वागते आणि फार लहान छिद्रातून प्रकाश पसरतो, त्यामुळे सगळाच फोटो मऊ पडतो.

दुसरी गोष्ट, नुसत्या फ्लॅशचाच उजेड येईल असे केले. ऊन कधी असते, कधी ढगात जाते. त्याला बांधता येत नाही, म्हणून त्याला चौकटीबाहेर ठेवले. फोटो सावलीतच काढायचे. त्याची परीक्षा सोपी आहे. वरचे आकडे तसेच ठेवून फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे आजूबाजूचा उजेड हिशेबात नाही. काही दिसू लागले, तर समजा ऊन डोकावते आहे. मग छत्री धरा किंवा जागा बदला. आमच्या मुलांना ही परीक्षा फार आवडली. काळा फोटो आला की टाळ्या वाजवणारे निसर्ग मंडळ तालुक्यात दुसरे नसेल.

तिसरी गोष्ट अंतर. हा सगळ्यांत नामी उपाय होता. लेन्सवरची फोकसची कडी एका जागी फिरवून तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकली. आता कडी फिरवून फोकस करायचा नाही. कॅमेरा हातात धरून सावकाश पुढे-मागे व्हायचे आणि वस्तू स्पष्ट दिसली की बटण दाबायचे. कडी बांधलेली असल्यामुळे वस्तू एका ठरावीक अंतरावरच स्पष्ट दिसते. म्हणजे स्पष्टपणा हीच आपली फूटपट्टी झाली! मग फ्लॅशही त्याच अंतराला बांधायचा. वेल्डिंगवाल्याकडून अॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी करून घेतली. तिचे एक टोक कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसवले, दुसऱ्या टोकावर फ्लॅश, लेन्सच्या तोंडाशी. कॅमेरा सरकला की फ्लॅश तेवढाच सरकतो. फोटो स्पष्ट आहे म्हणजे फ्लॅशचे अंतरही तेच आहे. नाक खाजवायला मुलगा मोकळा झाला.

चौथी गोष्ट, फ्लॅशची शक्ती. मॅन्युअल फ्लॅशवर पूर्ण, निम्मी, पाव, आठवा भाग, सोळावा भाग अशा पायऱ्या असतात. आम्ही फोटोच्या दुकानातून मध्यम करड्या रंगाचे कार्ड आणले, ते वस्तूच्या जागी धरले आणि एकेका पायरीवर फोटो काढून पाहिले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेडाचा आलेख दिसतो, त्याला हिस्टोग्राम म्हणतात. कार्डाचा उंचवटा त्यात साधारण मधोमध आला की ती पायरी आपली. आमच्या फ्लॅशला, त्याच्यापुढे लावलेल्या बटर पेपरसकट, आठवा भाग लागला. तुमचा आकडा वेगळा येईल. तो एकदाच शोधायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. कमी शक्तीचा आणखी एक फायदा असा, की फ्लॅशचा झोत तेवढाच आखूड होतो. वाऱ्याने पान हलत असले तरी फोटो हलत नाही.

इथे आम्हाला एक शंका आली होती. तीच तुम्हालाही येईल. अंड्यासाठी तिन्ही नळ्या लागतात आणि मोठ्या अळीसाठी एकच छोटी पुरते. मग दोन्हींचा उजेड बराबर कसा राहणार? लेन्स जितकी पुढे सरकवावी, तितका उजेड जास्त जागेवर पसरतो आणि फोटो काळवंडतो. वस्तू आणि तिची कॅमेऱ्यातली प्रतिमा एकाच आकाराची झाली, की उजेड चौथा हिस्सा उरतो. म्हणजे नळ्या वाढल्या की अंधार वाढणार. पण गंमत अशी, की नळ्या वाढल्या की वस्तूच्या जवळही जावे लागते आणि लेन्सच्या तोंडाशी बांधलेला फ्लॅशही तेवढाच जवळ येतो. एकीकडे उजेड घटतो, दुसरीकडे वाढतो. आम्ही आकडेमोड करून पाहिली. आमच्या 12, 20 आणि 36 मिलिमीटरच्या नळ्यांपैकी फक्त 20 ची लावली काय आणि तिन्ही लावल्या काय, फरक निघतो अर्ध्या स्टॉपच्या आसपास. फ्लॅशपुढे मोठा कागद असल्यामुळे हा हिशेब थोडा सैल होतो, पण मुळातून बदलत नाही. तेवढा फरक आम्ही करड्या कार्डावर पुन्हा तपासून वहीत दुसरी ओळ लिहिली. अंड्यासाठी एक ओळ, अळी आणि कोषासाठी दुसरी. बस्स.

पाचवी गोष्ट रंगाची. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही ऑटोवर असतो. चौकटीत हिरवे जास्त दिसले की तो ते स्वतःच्या मनाने कमी करतो. आमची अळी तपकिरीची हिरवी होते, हीच तर गोष्ट आम्हाला दाखवायची होती! म्हणून तो फ्लॅशच्या खुणेवर ठेवून बांधला. बटर पेपरही एकच ठेवला. मधे एकदा तो फाटला, तेव्हा मुलांनी वहीचे पान लावले आणि त्या दिवशीचे सगळे हिरवे किंचित पिवळसर आले. कागद बदलला की करड्या कार्डाची तपासणी पुन्हा करायची, हे आम्ही तेव्हा शिकलो.

सहावी गोष्ट साधी, पण सर्वांत जास्त फसवणारी. ती म्हणजे फ्लॅशचे सेल. एका झोतानंतर फ्लॅशला पुन्हा भरायला वेळ लागतो. घाई करून बटण दाबले तर तो अर्धपोटी चमकतो. तयार असल्याचा दिवा लागला तरी पुष्कळ फ्लॅश तेव्हा पूर्ण भरलेले नसतात. म्हणून दिवा लागल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचे. सेल जुने झाले की हा वेळ वाढत जातो. आम्ही चार्ज होणारे चार सेल घेतले आणि दर सोमवारी ते भरण्याचे काम एका मुलावर सोपवले. त्याने दोन महिन्यांत एकही सोमवार चुकवला नाही. गृहपाठात त्याचे एवढे सातत्य आम्ही कधी पाहिलेले नाही.

आणि शेवटची गोष्ट, साक्षीदार. रोज पहिल्या फोटोत वस्तूशेजारी करड्या कार्डाची बारीक पट्टी धरायची. पट्टी रोज सारखी दिसली, तर वस्तूत दिसणारा बदल हा वस्तूचाच. पट्टी बदलली, तर दोष आपला. मग तो शोधायचा. परीक्षक बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या पट्टीत होते.

संगणकावरही एक पथ्य पाळले. एकेक फोटो उघडून डोळ्यांना बरा दिसेपर्यंत उजळत बसलो असतो, तर कॅमेऱ्याची चूक आम्हीच पुन्हा केली असती. उजळायचे असेल तर सगळे फोटो सारखेच उजळायचे, नाहीतर कोणालाच हात लावायचा नाही.

हे वाचून कोणाला वाटेल, एवढा खटाटोप मास्तरांनाच शोभतो. तसे नाही. या विद्येचा मोठा भाग दवाखान्यातून आला आहे. लेन्सच्या तोंडाभोवती गोल बसणारा रिंग फ्लॅश अमेरिकेत लेस्टर डाइन यांनी 1952 मध्ये तयार केला तो दातांच्या फोटोंसाठी. तोंडाच्या आत सावली न पडता उजेड पोचवायचा होता. निकॉन कंपनीने 1962 मध्ये डॉक्टरांसाठी मेडिकल निक्कोर नावाची लेन्स काढली. तिच्यात रिंग फ्लॅश बसवलेलाच होता. डॉक्टरांनी फिल्मचा वेग आणि फोटो किती मोठा हवा ते लावायचे, छिद्र ती लेन्स आपोआप जुळवून घ्यायची. डॉक्टरांना सुंदर फोटो नको होता. उपचाराआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर दिसणारा फरक रोग्याचा असावा, दिव्याचा नसावा, एवढेच त्यांना हवे होते. आम्हालाही कोषाबाबत तेच हवे होते.

ऑटो फ्लॅश वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुंग्या पळत असतील, कोळी उडी मारत असेल, अंतर क्षणोक्षणी बदलत असेल, तर ऑटोच कामाला येतो. तेव्हा पांढऱ्या फुलावर त्याला थोडे वाढवायला सांगावे आणि काळ्या भुंग्यावर थोडे कमी करायला. त्याची सोय प्रत्येक चांगल्या फ्लॅशवर असते. फक्त त्या फोटोंना साक्षीला उभे करू नये.

आता घरचे सांगतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या अम्मींच्या पायाला जखम झाली. डॉक्टर दुसऱ्या गावचे. ते म्हणाले, रोज मोबाइलवर फोटो पाठवत जा. पहिल्या दिवशी फोटो दुपारी खिडकीत काढला, दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर पिवळ्या दिव्याखाली. दुसऱ्या फोटोत जखम लालभडक दिसली आणि सगळे घर हवालदिल झाले. अम्मी मात्र म्हणत होत्या, “ठणका कमी आहे रे.” आम्हाला एकदम ती लाल रेघ आठवली. तिसऱ्या दिवसापासून वेळ एकच, खिडकी एकच, अंतर एक वीत, मोबाइलचा फ्लॅश बंद आणि जखमेशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा. मोबाइलवर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस जागच्या जागी थांबतात. आम्ही बोट रोज त्या कागदाच्या कडेवरच धरायचो. मग मात्र जखम भरत चालल्याचे रोज दिसू लागले. डॉक्टरांनाही बरे वाटले. अम्मी म्हणाल्या, “मी काय सांगत होते?”

पुढच्या पावसाळ्यात लिंबावर पुन्हा अंडी आली. ती मुलगी आता नववीत गेली होती, पण नोंदवही तिने सोडली नव्हती. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचे फोटो ओळीने लावले, तेव्हा करड्या पट्टीची एक सरळ रेघ पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत न डगमगता गेली होती. तिच्या शेजारी तपकिरी अळी हिरवी झाली, हिरवीचा कोष झाला आणि कोष शांतपणे हिरवा राहिला. शेवटच्या फोटोच्या आदल्या दिवशी तो काळा पडला होता, आणि त्या काळ्यावर पिवळे ठिपके स्पष्ट दिसत होते. या वेळी रविवार नव्हता. सकाळच्या पहिल्या तासाला फुलपाखरू बाहेर आले आणि आमचा मराठीचा तास लिंबाखालीच झाला.

आम्ही तिच्याकडून मागच्या वर्षीची वही मागून घेतली. लाल रेघ खोडता येत नव्हती. तिच्याखाली निळ्या शाईने लिहिले, ‘तुझी नोंद बरोबर होती. चूक आमची.’ खाली सही केली. तिने वाचले आणि म्हणाली, “सर, तारीख राहिली.” नोंद ठेवणाऱ्याने तारीख विसरू नये, हे आम्हीच तिला शिकवले होते. तारीख घातली.

वाचकहो, या महिन्याचा गृहपाठ घ्या. घरात एक पांढरी वाटी, एक काळा तवा आणि एक हिरवी मिरची असेलच. तिघांचा ऑटोवर एकेक फोटो काढा, वाटी आणि तवा जवळून, चौकट भरेल असे. मग त्याच जागी, त्याच उजेडात, आकडे बांधून पुन्हा काढा. मोबाइल असेल तर प्रो मोड उघडा, तिथे आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येतात. दोन्ही ओळी शेजारी ठेवून मुलांना विचारा, कोणती ओळ बरोबर आणि कोणती बराबर? मुले काय म्हणतात ते आम्हाला कळवा. त्यांचे म्हणणे तुमच्या फोटोंशी जुळले नाही, तर लाल पेन उचलण्याआधी थोडे थांबा आणि तवा पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहा.